जुन्या सायकलचं फ्रीव्हील खोलायचं असेल तर परभणीतलं हे दुकान

वडिलांची 5 गिअरची जुनी सायकल आहे, सनटूर कंपनीचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा गठ्ठा), नवी चेन टाकली तरी जोर लावला की चेन उडायची. आधी एकाकडं दाखवली तर त्यानं छन्नी-हातोडी लावून फ्रीव्हील खोलायचं हत्यार बसायच्या खाचाच खराब केल्या, लय जीव तुटला बघा. मग परभणीत स्टेशन रोडच्या या छोट्या दुकानात गेलो.

चाचांनी आधी फ्रीव्हील पुसून उजेडात धरलं आन् सांगितलं की बाहेरच्या लहान चकतीला आटे असतात, ती बॉडीवर आवळून बसते नि बाकीच्यांना दाबून धरते, मोठ्या नुसत्या खाचेत सरकतात. मग चेनचे तुकडे लावलेल्या दोन पट्ट्या घेतल्या, एकीनं मोठी चकती धरली, दुसरीनं लहान उलटी फिरवली, कट्ट करून सुटली! काही जुन्या इटालियन फ्रीव्हीलला मागून बसणाऱ्या मोठ्या चकत्यांचे आटे उलटे असतात, तिथं चुकीच्या बाजूनं जोर लावला तर आणखीच आवळतं, हेही त्यांनीच सांगितलं.

झिजलेल्या चकत्या बदलून परत बसवताना स्पेसर (चकत्यांमधल्या कड्या) होते त्याच क्रमानं, आट्यांना ग्रीस, आन् शेवटची चकती हातानंच, बाकी पॅडल मारताना आपोआप आवळते म्हणे. दोन दिवस लागले, पण चेन एकदाही उडली नाही.