‘डिस्लेक्सिया संच’: पट्टी चांगली, माप इंग्रजीचं

तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानांत हल्ली ‘डिस्लेक्सिया संच’ नावाचा डबा दिसतो. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला शिकताना अडणं, असलेल्या मुलांसाठी. किंमत साडेचारशेच्या घरात. आत खिडकीच्या चार वाचनपट्ट्या, सहा रंगीत पारदर्शक कागद, मुळाक्षरांची कार्डं आणि शिक्षकासाठी चुका मोजायचा तक्ता. सादिलच्या, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या पैशातून शाळेसाठी घ्यायचा विचार असेल तर थोडं थांबा.

पट्टीची कल्पना रास्त आहे. ओळ निसटणाऱ्या मुलाला एका वेळी एकच ओळ दिसली की नजर भरकटत नाही. घोटाळा मापात आहे. ते इंग्रजी अक्षरांचं: खिडकी जेमतेम ८ मिमी उंच. पहिली-दुसरीच्या पुस्तकातल्या मोठ्या टायपावर ती ठेवली की वरचा रफार नाहीतर खालचा उकार झाकला जातो. ‘कुत्रा’चा ‘कत्रा’ होतो, ‘सूर्य’चा थेट ‘सय’. पोरगं दिसतं तेच वाचतं आणि बोलणी खातं.

त्यापेक्षा जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घ्या. रफाराच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत मोजा, वर-खाली दोन-दोन मिमी सोडा आणि ब्लेडने खिडकी कापा. इयत्तेनुसार टाइप बदलतो, म्हणून प्रत्येक पुस्तकाची पट्टी वेगळी. पुठ्ठ्याची मागची, बिनचमकीची बाजू वर ठेवा. डब्यातलं प्लास्टिक दारातून येणाऱ्या उजेडात इतकं चमकतं की अक्षरच दिसत नाही.

सोबतच्या पुस्तिकेत पट्टी डावीकडून सरकवत एकेक अक्षर उघडायला सांगितलंय. मराठीत हे अंगलट येतं. ‘किती’त पहिली वेलांटी आधी दिसते, उच्चार मात्र ‘क’नंतरचा. रफाराचं उलट: आधी बोलायचा, दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. अख्खा शब्द एकदम उघडा.

रंगीत कागदांवर पैसे घालवू नका. डिस्लेक्सियात अक्षर आणि आवाज यांची सांगड घालताना अडतं. तो डोळ्यांचा दोष नाही. रंगीत कागद-चष्म्यांना शास्त्रीय आधार नाही, हे अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ सालीच सांगितलंय. कार्डं ठीक, पण जोडाक्षरं नाहीत. शिवाय घ-ध, भ-म, थ-य यांच्या जोड्या एकाच पानावर छापल्यात. नेमक्या गोंधळणाऱ्या जोड्या एकत्र शिकवू नयेत. ‘घ’ पक्का झाल्यावर काही दिवसांनी ‘ध’ काढा.

तक्ता तर आपल्याकडे वापरूच नये. ‘डोळे’ला ‘डोये’, ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं की त्यात फुली पडते. वऱ्हाडी घरातलं लेकरू तसंच बोलतं. त्याने शब्द ओळखलाय, वाचन बरोबर आहे. असा तक्ता भरला तर अर्धा वर्ग डिस्लेक्सियाचा निघेल!

डब्याशिवाय होण्यासारखं बरंच आहे. फळ्यावरचं उतरवायला लावण्याऐवजी छापील कागद द्या, चाचणीत प्रश्न वाचून दाखवा, उत्तर तोंडी घ्या. इतिहास-विज्ञानात शुद्धलेखनाचे गुण कापू नका. वर्गासमोर अचानक उभं करून वाचायला लावणं बंद.

डब्यावर ‘परीक्षेतील सवलतीसाठी उपयुक्त’ असं छापलंय, त्याला भुलू नका. डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. लेखनिक किंवा तासाला वीस मिनिटं जादा वेळ हवा तर अधिकृत प्रमाणपत्र लागतं, दुकानातला तक्ता तिथे चालत नाही. दहावीचा फॉर्म भरायची वेळ येईपर्यंत थांबू नका; तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना आठवी-नववीतच गाठा.