पीएचपीचं जिट: वेबसाइटला कमी, आकडेमोडीला जास्त

नोव्हेंबर २०२० मध्ये पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या ८.० आवृत्तीसोबत जिट (जस्ट-इन-टाइम कंपायलर) आलं. ते ऑपकॅशच्या (पीएचपीचा कोड एकदा तयार करून मेमरीत साठवणाऱ्या भागाच्या) आतच बसतं आणि वारंवार चालणाऱ्या कोडचं थेट मशीन कोडमध्ये रूपांतर करतं. फ्रॅक्टल, मॅट्रिक्स, इमेजचे पिक्सेल मोजणं, अशा घट्ट लूपमध्ये फरक ठळक दिसतो. पीएचपीच्याच घोषणेत कृत्रिम चाचण्यांत सुमारे ३ पट वेग सांगितला होता. नेहमीच्या वेबसाइटला मात्र फारसं काही मिळत नाही. तिथे वेळ जातो डेटाबेसची वाट पाहण्यात, आणि ती वाट जिट कमी करू शकत नाही. साध्या ब्लॉगसाठी ऑपकॅश पुरेसं आहे.

सर्वांत जास्त घोळ होतो तो चालू करतानाच. ८.० ते ८.३ मध्ये जिट बफरचा (तयार मशीन कोड ठेवायच्या मेमरीचा) आकार मुळात ० असतो, म्हणजे मोड 'ट्रेसिंग' दिसला तरी जिट बंदच! तो ६४ एमबी करा. ८.४ मध्ये उलटं: बफर आधीच ६४ एमबी, पण मोड 'डिसेबल', तो बदलावा लागतो. कमांड लाइनवर ऑपकॅश वेगळं चालू करावं लागतं, हे हमखास विसरलं जातं. एक्सडीबग (कोडमधल्या चुका शोधायचं साधन) चालू असेल तर जिट बंद होतं, तेव्हा मोजमाप घेण्याआधी ते काढा. शेवटी ऑपकॅशच्या स्टेटसमधला जिट विभाग उघडून मोकळा बफर पाहा. लोड देऊनही तो आकडा हललाच नाही, तर काहीच कंपाइल होत नाहीये.