सी भाषेमधला एक मिलिसेकंदाचा टायमर: काही महिने वापरल्यानंतर

काम साधं होतं. लिनक्सवर दर मिलिसेकंदाला सेन्सर वाचायचा. हाती आलेल्या जुन्या कोडमध्ये लूपच्या शेवटी यूस्लीप हे प्रोग्रामला थोडा वेळ झोपवणारं फंक्शन होतं. त्याचा अर्थ 'काम आटोपल्यावर आणखी निदान एक मिलिसेकंद', त्यामुळे कामाचा वेळ आणि जागं व्हायला लागलेला उशीर दर फेरीला साचत जातो. तासाभरात हिशेब कुठल्या कुठे जातो.

त्याजागी क्लॉक_नॅनोस्लीप हे फंक्शन घेतलं, टायमर_ॲबस्टाइम हा फ्लॅग लावून. 'इतका वेळ झोप' असं न सांगता 'अमुक क्षणी उठव' असं सांगायचं आणि पुढचा क्षण मागच्या क्षणात दहा लाख नॅनोसेकंद मिळवून काढायचा. घड्याळ मोनोटॉनिक, म्हणजे फक्त पुढेच जाणारं, घ्यायचं. रिअलटाइमवालं, म्हणजे तारीख-वेळ दाखवणारं, एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सोय) किंवा कुणी तारीख बदलली की उडी मारतं. तेव्हापासून साचणारा उशीर संपला. यासाठी पैकीच्या पैकी गुण.

एकेका फेरीचा सुटा उशीर मात्र राहतोच, आणि बहुतेक वेळा त्यात टायमरचा दोष नसतो. त्याचं वचन 'आधी उठवणार नाही' एवढंच आहे. साध्या थ्रेडला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मुळातच 50 मायक्रोसेकंदांची ढील देतो. ती पीआरसीटीएल या सिस्टिम कॉलने कमी करता येते, पण शून्य दिलंत तर ढील पुन्हा मूळ पदावर येते, 1 (नॅनोसेकंद) द्यायचा. ही खोड मॅन पेजमध्ये, म्हणजे लिनक्सच्या माहितीपानात, आहे, वाचतो कोण!

सगळ्यात चक्रावून टाकलं ते रिकाम्या मशीनने. लोड असताना टायमर बरा, शांत असताना वाईट! सीपीयू गाढ झोपेत जातो आणि त्याला उठायला वेळ लागतो. डेव्ह फोल्डरमधल्या सीपीयू_डीएमए_लेटन्सी या फाइलीत शून्य लिहून ती उघडीच ठेवली की हे थांबतं. बंद केली की विनंतीही रद्द. वीज जास्त जाते, मशीन तापतं. बॅटरीवरच्या यंत्रात मी हे करणार नाही.

फिफो शेड्युलिंगनेही, म्हणजे थ्रेडला साध्या कामांच्या आधी सीपीयू मिळवून दिल्यानेही, मोठा फरक पडतो, फक्त लूप कुठे अडकून फिरत राहिला तर त्या कोअरवर बाकीचं जवळपास सगळं ठप्प.

तक्रार एररबद्दल आहे. क्लॉक_नॅनोस्लीप एरर थेट परत देतं, एररनो या नेहमीच्या व्हेरिएबलमध्ये ठेवत नाही. नॅनोसेकंदांचा आकडा एक अब्ज किंवा त्यावर गेला आणि सेकंदात हातचा घेतला नाही, तर ते झोपतच नाही आणि लूप सुसाट सुटतो. परतलेला आकडा तपासला नाही तर कळतही नाही.

आणखी एक. ठरलेला क्षण उलटून गेला असेल तर कॉल लगेच परततो, म्हणजे चुकलेल्या फेऱ्या एकामागोमाग धडाधड होतात. मोजणीसाठी हे चालेल. सेन्सरसाठी मी चुकलेल्या फेऱ्या सोडून देतो आणि किती सुटल्या ते लॉगमध्ये लिहितो.