जिप्सी स्लोवर थांबेना: स्कॅनर लावायचा की काट्याचा मीटर?

इंजेक्शनवाली (कार्बोरेटर नसलेली) जुनी मारुती जिप्सी ज्यांच्या दारात आहे त्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको. गाडी गरम झाली की स्लोवर, म्हणजे रेसवर पाय नसताना, इंजिन टिकत नाही. उभ्या गाडीत इंजिनाचा आवाज चढतो, उतरतो, परत चढतो. शेतरस्त्याला पाय हलका ठेवून चालवावी तर मधेच झटका. आणि नेमकं उसाच्या ट्रॉलीमागे थांबलं की बंद. मिस्त्री बॉनेट उघडायच्या आधीच निकाल देतो, "दादा, सेन्सर गेलाय."

गेला असेलही. पण कोणता, आणि हे ठरवायचं कसं? माझ्यापुढे तीन वाटा होत्या: अंदाजाने पार्ट बदलत जायचं, शहरात नेऊन गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारा स्कॅनर लावायचा, नाहीतर व्होल्ट-ओहम मोजायचा मीटर घेऊन घरीच बघायचं. माझी गाडी 2003 ची, बीड तालुक्यातली, रोज मुरूम आणि काळ्या मातीत चालणारी. तिन्ही वाटा मी चालून पाहिल्या आहेत. ज्याला आता ठरवायचंय त्याच्यासाठी लिहितोय.

पार्ट बदलत जाण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मी आधी आयडल व्हॉल्व्ह (स्लोला लागणारी हवा सोडतो तो) बदलला. फरक शून्य. मिस्त्रीने थ्रॉटलचा, म्हणजे रेस दाबली की हवेला वाट देणाऱ्या झडपेचा, थांबा-स्क्रू पिळून स्लो चढवून दिला. दोन दिवस बरं वाटलं आणि मग दुखणं आणखी गोंधळाचं झालं. हा स्क्रू कुणालाही पिळू देऊ नका. थ्रॉटल पूर्ण मिटलंच नाही तर ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) वाटतं पाय रेसवर आहे, आणि स्लो सांभाळायचं काम तो सोडून देतो. मग खरा दोष कुठला आणि पिळलेल्या स्क्रूचा कुठला, हे कुणालाच सांगता येत नाही.

आता स्कॅनर. त्याच्याबद्दल माझ्या मनात अढी नाही, हे आधी सांगतो. मोबाइलला जोडायचा स्वस्तातला ब्लूटूथ प्लग मी घेतला होता, तो माझ्या गाडीशी बोललाच नाही. आपल्याकडे गाड्यांना ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष स्कॅनरला सांगायची सोय, सक्तीची झाली ती 2010 नंतर. त्याआधीच्या गाड्यांची भाषा कंपनीची स्वतःची, त्यामुळे त्या प्लगचा दोष नाही. मोठा स्कॅनर असलेलं गॅरेज संभाजीनगरला, म्हणजे जायला-यायला अडीचशे किलोमीटरच्या पुढे. तिथल्या माणसाने मनापासून वेळ दिला. तापमानाचा सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर, मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), सगळ्यांचे चालू आकडे दाखवले. तापमानाचा सेन्सर खोटं बोलत असेल तर गरम इंजिनाला ईसीयू थंड समजून जास्त पेट्रोल देतो आणि स्लो चढतो. असला दोष स्कॅनरवर दोन मिनिटांत कळतो. मीटरने तो शोधायचा तर तक्ता हातात घेऊन बसावं लागतं.

पण माझ्या दुखण्यावर स्क्रीनने काय सांगितलं? कोड (दोषाचा नोंदलेला नंबर) नाही, सगळं ओके.

परत येताना मांजरसुंब्याच्या घाटात गाडी दोनदा बंद पडली. दुपारची वेळ, मे महिना, मागे ट्रकची रांग. सोबत चुलते होते. ते एवढंच म्हणाले, "ओके म्हणलं ना त्यांनी? मग कामून बंद पडायली?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि माझा निर्णय खरं तर तिथेच झाला. गाडी बिघडलीय हे सोसता येतं. गाडी बिघडलेली असताना यंत्र तिला ठणठणीत म्हणतं, हे मात्र मला सोसलं नाही.

कारण नंतर कळलं: दोष होता थ्रॉटल किती उघडलंय ते ईसीयूला सांगणाऱ्या सेन्सरचा. थ्रॉटल सेन्सर म्हणजे मुळात रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखी वस्तू. आत कार्बनची पट्टी, तिच्यावरून सरकणारी बारीक जिभली. एका टोकाला पाच व्होल्ट, दुसऱ्याला अर्थिंग, आणि जिभलीला जोडलेल्या मधल्या, सिग्नलच्या वायरवर पाय जितका दाबाल तितका व्होल्टेज. आपला पाय वर्षानुवर्षं बहुतेक वेळ जिथे असतो, म्हणजे स्लोच्या जरासं पुढे, तिथेच ती पट्टी झिजते. झिजलेल्या जागी जिभली क्षणभर टेकत नाही आणि व्होल्टेज खाली बुडी मारून परत येतं. ईसीयू कोड नोंदवतो तो व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊन काही वेळ तिथेच राहिलं तर. ही बुडी त्या आतच संपते. जुन्या गाडीत स्कॅनरचे आकडे येतातही सावकाश, त्यामुळे ती दोन आकड्यांच्या मधून निसटते. जुन्या सुझुकी इंजेक्शन गाड्यांत निदानाच्या कपलरला (वायरींच्या प्लगला) वायर जोडली की चेक लाइट लुकलुकून कोड सांगते. (कुठली पिन ते मॅन्युअल बघूनच जोडा.) तेही करून पाहिलं. एकदा लुकलुक, जरा थांबून दोनदा. म्हणजे 12, म्हणजे सगळं ठीक.

मीटर सुचवला तो गावातल्या मोटार वायंडिंगवाल्या मामांनी. विहिरीवरच्या मोटारी भरण्यात त्यांचा जन्म गेला. डिजिटल मीटर माझ्याकडे होता, पण ते म्हणाले, "आकड्याचा नको, काट्याचा घे. आकडा विचार करून सांगतो, काटा जागच्या जागी हलतो." त्यांचाच मीटर मागून आणला.

पद्धत अवघड नाही. इग्निशन चालू, इंजिन बंद. मीटर डीसी व्होल्टच्या दहाच्या घरात. ओहमच्या घरात ठेवून चालू वायरीला चुकूनही लावू नका. काळी वायर बॅटरीच्या मायनसला. लाल वायरीला बारीक टाचणी लावून ती सेन्सरच्या कपलरच्या मागून सिग्नलच्या वायरीशेजारून आत सरकवायची. वायरीचं आवरण टोचू नका, पावसाळ्यात तिथून पाणी शिरतं आणि तार हिरवी पडते. मग हाताने थ्रॉटल अगदी सावकाश, मुंगीच्या चालीने उघडायचं. मिटलेलं असताना साधारण अर्धा ते एक व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर चार-साडेचार. मधे काटा न अडखळता चढला पाहिजे.

माझा काटा चढायला लागला आणि एक व्होल्टच्या जरा पुढे पटकन खाली पडून वर आला. मी थ्रॉटल सोडलं, परत उघडलं. परत तिथेच. मग इंजिन तापवून, सेन्सरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके टिचकी मारत बघितलं, तर काटा थरथरायलाच लागला. घाटात गाडी का बंद पडत होती ते समोर दिसत होतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा: काट्याचा स्वस्त मीटर स्वतःच थोडा करंट ओढतो, म्हणून त्याचा आकडा जरासा कमी येतो. नेमका आकडा हवा असेल तर डिजिटल वापरा, काट्याकडून फक्त चाल बघून घ्या. मी दोन्ही ठेवतो.

मीटरला हात घालण्याआधी मात्र साध्या गोष्टी उरकून घ्या, नाहीतर काट्यालाही उगाच दोष द्याल. आवाज सारखा वर-खाली होत असेल तर आधी इंजिन कुठे हवा घेतंय का ते बघा. आपल्या उन्हाने व्हॅक्यूमचे रबरी पाइप टोकाला तडकतात, आणि पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल आल्यापासून जुन्या गाडीतल्या पेट्रोलच्या रबरी पाइपांवरही माझी नजर असते. गाडी स्लोवर ठेवून एकेक व्हॅक्यूम पाइप पकडीने हलका दाबा. आवाज सुधारला तर चोर सापडला. हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर आवाज खाली जाऊन सावरला नाही, तर आयडल व्हॉल्व्हमध्ये कार्बन धरलाय का बघा. इंजिनाचं अर्थिंग घासून साफ करा. आणि उभ्या गाडीत स्लो ठीक पण हलक्या पायाला झटका, असं असेल तर वेळ न घालवता थ्रॉटल सेन्सरकडे वळा.

मग कुणी काय निवडावं? तुम्ही संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडात राहत असाल, ओळखीचा स्कॅनरवाला असेल, किंवा चेक लाइट सतत पेटलेली असेल, तर आधी स्कॅनर लावायला माझी ना नाही. एकदा सगळ्या सेन्सरांची हजेरी झालेली बरी. वायरींना हात लावायची धास्ती वाटत असेल तरीही तेच करा. पण दोष येतो-जातो, गरम झाल्यावरच दिसतो, आणि लाइट पेटत नाही, अशी गाडी असेल तर मी तरी काट्याच्या मीटरवरच पैसे लावीन. मला तो पाचशेच्या आत मिळाला, आणि दोष जिथे दिसतो तिथे, शेताच्या बांधावरसुद्धा, लावता येतो.

सेन्सर घ्यायला जाताना मी तो मीटर सोबत नेला. दुकानाच्या काउंटरवरच ओहमच्या घरात, मधली पिन आणि एक कडेची पिन धरून सेन्सरची दांडी फिरवली. पहिला, बिनमार्काचा, नवाकोरा असूनही मधे अडखळला. तो परत केला. दुसऱ्याचा काटा तेलासारखा सरकला, तोच बसवला. स्क्रूची भोकं लांबट असतील तर सेन्सर थोडा फिरतो, म्हणून स्क्रू घट्ट करण्याआधी मिटलेल्या थ्रॉटलचं व्होल्टेज परत बघून घ्या, आणि तो पिळलेला थांबा-स्क्रू त्याच्याही आधी जागेवर आणा.