सेल्समन निवडताना अर्धा दिवस बाजारात : दिवाळीपासून आतापर्यंतचा अनुभव

इंदूरच्या सांवेर रोडवर आमचा वायरिंगच्या सामानाचा छोटा कारखाना आहे. कन्ड्यूट पाईप, जंक्शन बॉक्स, एमसीबीचे डबे. माल इंदुरात महाराणी रोडच्या विजेच्या सामानाच्या बाजारात जातो आणि बाहेर देवास, उज्जैन, धार, खरगोनपर्यंत. आमचे दोन जुने सेल्समन लागोपाठ निवृत्त झाले, तेव्हा गेल्या दिवाळीनंतर आम्ही भरतीची पद्धतच बदलली. त्या पद्धतीने घेतलेल्या माणसांबरोबर लग्नसराई, मार्च एंड, उन्हाळ्यातली बांधकामं आणि पावसाळ्यातली मंदी, सगळं काढून झालं आहे. म्हणून आता सविस्तर लिहिते. आपल्या मराठी लोकांचे असे छोटे धंदे इकडे बरेच आहेत. त्यांच्याकडे एचआर नसतो, आणि एक माणूस चुकला की अख्खी बीट, म्हणजे त्याला नेमून दिलेला दुकानांचा भाग, मागे पडते.

मत आधीच सांगते. पद्धत वेळखाऊ आहे, पण मी ती सोडणार नाही.

जाहिरातीपासून सुरुवात केली. नोकरीच्या अ‍ॅपवर ‘आकर्षक पगार, अमर्याद कमाई’ असं लिहिलं की दिवसभर फोन वाजतो आणि हाती काही लागत नाही. आम्ही पक्का पगार किती, टीए-डीए (प्रवास आणि दैनिक भत्ता) किती, बीट कोणती, गाडी कोणाची, हे आकड्यांसह लिहिलं. शिवाय एक ओळ घातली: ‘उधारी वसूल करणं हा कामाचाच भाग आहे.’ त्या ओळीनंतर अर्ज कमी झाले. जे आले ते बहुतेक कामाचे होते.

पुढे फोन. इकडचं तिकडचं जुजबी बोलून झालं की मी म्हणते, “उद्या सकाळी अकरा वाजता तुम्हीच मला फोन करा, मग मुलाखतीची वेळ ठरवू.” बस, एवढंच. जो अकराला फोन करतो तो उद्या दुकानदारालाही सांगितल्या वेळी फोन करेल. अर्ध्याहून जास्त लोक करतच नाहीत. या एका गोष्टीने माझा जेवढा वेळ वाचला तेवढा दुसऱ्या कशानेच नाही.

मुलाखत मी आणि माझे दीर मिळून घेतो. सगळ्यांना तेच पाच प्रश्न, त्याच क्रमाने. दोघं आपापल्या कागदावर उत्तरं लिहितो, पाचपैकी गुण देतो आणि कागद भरून झाल्याशिवाय एकमेकांशी बोलत नाही. हे मी मनाने काढलेलं नाही. 1998 साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी 85 वर्षांचं संशोधन एकत्र करून पाहिलं होतं, की निवडीची कोणती रीत माणसाच्या पुढच्या कामाचा अंदाज बरोबर देते. काम करून दाखवायला लावणं आणि ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत या गोष्टी वरच्या रांगेत आल्या. मोकळ्या गप्पांची मुलाखत त्यांच्या मागे राहिली आणि ‘किती वर्षांचा अनुभव’ हा आकडा तर फारच खाली गेला. 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच गणित नव्या हिशेबाने मांडलं. बरेचसे आकडे उतरले, पण ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत पहिल्या जागेवर आली. आपण जाहिरातीत सवयीने ‘किमान पाच वर्षांचा अनुभव’ लिहितो, तो आमच्या जाहिरातीतून मी काढून टाकला.

प्रश्न साधेच आहेत. तुमच्या बीटवर काउंटर, म्हणजे दुकानं, किती, आणि त्यातले महिन्याला ऑर्डर देणारे किती? खरोखर फिरलेला माणूस हे आकडे न अडखळता सांगतो. न फिरलेला ‘मार्केट खूप मोठं आहे, मॅडम’ म्हणतो. शेवटची हातातून गेलेली ऑर्डर कोणती आणि का गेली? बंद पडलेलं खातं कधी चालू केलं आहे का, नेमकं काय करून? एखाद्या महिन्यात टार्गेट हुकलं तेव्हा साहेबांना कधी सांगितलं, महिना संपल्यावर की आधी?

माझा आवडता प्रश्न उधारीचा. मी सांगते, आमचा उद्योग सरकारदरबारी सूक्ष्म (अगदी लहान) श्रेणीत नोंदवलेला आहे आणि दुकानदार 90 दिवसांची उधारी मागतो आहे. तुम्ही काय म्हणाल? 1 एप्रिल 2024 पासून आयकराचा 43बी(एच) हा नियम लागू झाला. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत दिले नाहीत, तर व्यापाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत करासाठी नफ्यातून वजा करता येत नाही. उमेदवाराला कलम पाठ असावं अशी माझी अपेक्षा नाही. मी समजावून सांगते आणि मग बघते. काही जण लगेच धमकीची भाषा बोलतात, ‘सांगू ना त्याला, टॅक्स लागेल.’ एका मुलाने मात्र उलट मलाच विचारलं, “त्यांचा माल किती दिवसांत खपतो? 40 दिवसांत खपत असेल तर 90 कशाला मागतात? ऑर्डर लहान करून महिन्यात दोनदा देऊ.” त्याला मी पाचपैकी पाच दिले. दिरांच्या कागदावरही पाचच होते.

आता बाजाराची फेरी. या पद्धतीचा जीव त्यातच आहे. आदल्या संध्याकाळी उमेदवाराला नमुन्यांची बॅग आणि प्राइस लिस्ट देतो. सकाळी आमच्या जुन्या माणसाबरोबर तो महाराणी रोडच्या ठरलेल्या काउंटरवर जातो. या अर्ध्या दिवसाचे पैसे रोख देतो, मग त्याला घ्यायचं असो वा नसो. ‘ट्रायल’ म्हणून आठवडाभर फुकट राबवून घेतलेली मुलं माझ्यासमोर बसली आहेत. ते सांगताना त्यांचे चेहरे कसे होतात ते मी पाहिलंय. हे पैसे वाचवू नका.

ऑर्डर आली की नाही याला आम्ही गुण देत नाही. दुकानात शिरल्यावर तो आधी रॅककडे बघतो की थेट बोलायला लागतो? सेठ ग्राहकात अडकले असतील तर बाजूला उभा राहतो की मध्येच कॅटलॉग पुढे करतो? काउंटरवर एखादा इलेक्ट्रिशियन उभा असेल तर त्याच्याशी बोलतो का? आमच्या धंद्यात घरमालक ब्रँड क्वचितच ठरवतो, ठरवतो तो वायरमन. आणि सेठ “भिया, दूसरी कंपनी का सस्ता पड़ रहा है” म्हणाले की पुढचं वाक्य काय? बहुतेक जण डिस्काउंटवर उडी मारतात. चांगला माणूस विचारतो, “कौन सा साइज, सेठजी?” कारण स्वस्त एखादाच साइज असतो. दुपारी परत आल्यावर एका पानावर भेटींचा अहवाल लिहायला देतो. अक्षर कसंही असो, दुकानदाराचं नाव आणि त्याची अडचण आली पाहिजे.

याच फेरीत एक अबोल मुलगा सापडला. मुलाखतीत तो मोजकंच बोलला होता. आमच्या सासऱ्यांना, नानांना तो पसंत नव्हता. “सेल्समन बोलका हवा गं,” ते म्हणाले. काउंटरवर मात्र तो ऐकत होता आणि लिहून घेत होता, आणि सेठ त्याच्याशी बोलत राहिले. 2013 मध्ये अ‍ॅडम ग्रँट यांनी फोनवरून विक्री करणाऱ्यांचा अभ्यास केला होता. त्यात सर्वाधिक विक्री फार बोलक्यांचीही नव्हती आणि फार अबोलांचीही नव्हती, ती मधल्या स्वभावाच्या लोकांची होती. मी नानांना ते वाचून दाखवलं. त्यांना ते फारसं पटलं नाही, पण त्या मुलाची तीन महिन्यांची वसुली पाहिल्यावर त्यांनी स्वतःच त्याला धारची बीट द्यायला सांगितली.

आणि नानांशिवाय ही पद्धत अर्धीच राहिली असती. मागच्या कंपनीच्या एचआरला फोन केला तर ‘काम ठीक होतं’ एवढंच कळतं. नाना त्या माणसाच्या जुन्या बीटवरच्या दोन-तीन दुकानदारांना फोन करतात. चाळीस वर्षांच्या ओळखी आहेत. ते विचारतात: स्कीमची क्रेडिट नोट, म्हणजे सवलतीची जमा-पावती, वेळेत आणून द्यायचा का? खराब निघालेला माल परत न्यायचा का? महिन्याच्या शेवटी न मागितलेला माल गळ्यात मारायचा का? इतकी खरी माहिती कुठल्याच रिझ्युमेत मिळत नाही. फक्त उमेदवार सध्या नोकरीत असेल तर त्याला विचारल्याशिवाय असा फोन करू नये. बाजारात बातमी पसरायला वेळ लागत नाही आणि त्याची नोकरी जाऊ शकते.

उणिवा आहेत, आणि लहान नाहीत. अर्ध्या दिवसात चिकाटी दिसत नाही. फेरीत उत्तम ठरलेला एक जण जूनच्या उकाड्यात खरगोनची बीट टाकून निघून गेला. नोकरीत असलेल्यांना सुट्टी मिळत नाही, रविवारी नेलं तर बाजाराचा खरा रंग दिसत नाही, त्यामुळे काही चांगली माणसं या टप्प्यावर गळतात. तेच ते काउंटर वापरले तर सेठही वैतागतात. आम्ही आता दुकानं बदलत राहतो आणि आधी फोन करून विचारतो. मालकाचा वेळ तर भरपूर जातो. कंपनी मोठी असेल आणि एकदम वीस माणसं हवी असतील, तर हे अशा स्वरूपात जमणार नाही.

एक गोष्ट निवडीबाहेरची, पण तिच्यावाचून निवड वाया जाते. नव्या माणसाचा इन्सेंटिव्ह आम्ही बिलावर देत नाही, जमा झालेल्या पैशांवर देतो, आणि पहिले तीन महिने टार्गेट न लावता पक्का पगार देतो. पहिल्याच महिन्यापासून टार्गेट लावलं की चांगला माणूससुद्धा माल ठोकून मोकळा होतो, आणि ती उधारी पुढे वर्षभर आपल्याच मानेवर बसते. भरतीची वेळही सांभाळा. मार्चमध्ये शोधायला निघालात तर चांगला सेल्समन हलणार नाही, कारण त्याचा वर्षाचा इन्सेंटिव्ह अडकलेला असतो. एप्रिल-मेमध्ये आणि दिवाळीचा हिशेब झाल्यावर माणसं मिळतात.

आता खंडवा-बुऱ्हाणपूरच्या बीटसाठी निवड चालू आहे. बुऱ्हाणपुरात मराठी चालते, खंडव्याकडे निमाडी बोली लागते, त्यामुळे या वेळी बाजाराची फेरी महाराणी रोडवर न ठेवता खंडव्यातच ठेवली आहे. जाण्या-येण्याचं भाडं आम्ही देणार आहोत.