पाळणाघरातले जेवण: घरचा डबा की तिथलाच स्वयंपाक?

मुलगी दीड वर्षाची असल्यापासून आम्ही दोन्ही पद्धती अनुभवल्या आहेत. आधीच्या पाळणाघरात घरचा डबा द्यावा लागे, आताच्या ठिकाणी जेवण तिथेच शिजते. डब्याच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. मीठ-साखर आपल्या हातात राहते, आणि एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी तर मला डबाच अधिक खात्रीचा वाटतो. शिजवलेले अन्न साध्या तापमानाला 2 तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आमचा सकाळी आठला भरलेला डबा साडेअकराला उघडला जाई. पण फ्रीज आणि नीट गरम करण्याची सोय असेल तर ही अडचण सुटते. केवळ तेवढ्यासाठी मी पाळणाघर बदलले नसते.

बदलले ते रिकाम्या डब्यापायी. डबा संध्याकाळी घरी परत जातो आणि उरलेले अन्न पालकांच्या नजरेस पडते, हे सांभाळणाऱ्या ताईंना पक्के ठाऊक असते. त्यामुळे मुलाची भूक बाजूला राहून डबा संपवणे हेच काम होऊन बसते. एकदा दुपारी लवकर पोहोचलो, तेव्हा मुलगी तोंड घट्ट मिटून मान फिरवत होती आणि ताई "हा शेवटचा घास" म्हणत तिच्या ओठांशी चमचा टेकवून बसल्या होत्या. त्यांना दोष देणे मला जमले नाही, कारण रोज घ्यायला गेल्यावर "डबा संपला का?" हे मीच आधी विचारत असे. काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती हे मुलाने, अशी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची मांडणी आहे. डब्यात हे 'किती' सकाळीच ठरून जाते.

आताच्या ठिकाणी मुले मधल्या भांड्यातून लहान चमच्याने स्वतः वाढून घेतात. घरी वाटाणे वेचून ताटाबाहेर काढणारी आमची मुलगी तिथे पहिला आठवडाभर ते नुसते बोटाने दाबून पाहत होती. शेजारची मुले खाताना पाहून महिन्याभरात तीही खाऊ लागली. सगळ्याच मुलांचे असे होईल असे मी म्हणणार नाही.

अर्थात, आठवड्याचा मेनू आधी मागून घ्यावा. त्यात रोज गोड बिस्किटे आणि ज्यूस असेल तर डबाच बरा. द्राक्षे उभी चिरून देतात का, हेही विचारावे, कारण अख्खे द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकू शकते. आणि मुलाने ताट सरकवले तर काय करता, या प्रश्नाला "आम्ही भरवतोच" असे उत्तर आले, तर स्वयंपाक कितीही चांगला असला तरी मी दुसरे ठिकाण पाहीन.