पाच महिने चॅटरबेट: युफॉलाच्या लाल पाण्यातला अनुभव

नोव्हेंबरच्या शेवटी अर्ध्या औंसाचं, म्हणजे साधारण १४ ग्रॅमचं, काळं-निळं चॅटरबेट, म्हणजे पत्तीने धडधडणारं बनावट आमिष, घेतलं. एप्रिलच्या मध्यापर्यंत ते १९ वेळा पाण्यात गेलं आणि त्यावर ३१ बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) लागले. त्यातले २२ तर मार्चच्या तीन आठवड्यांतले आहेत. विकत घेण्याआधी हे वाचणाऱ्याने हा मार्च नीट लक्षात घ्यावा, कारण या आमिषाचं सगळं बळ त्या थोड्या दिवसांत आहे.

आधी तलावाबद्दल. युफॉला हा पूर्णपणे अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातच असलेला सर्वांत मोठा जलाशय. कॅनेडियन नदीवरचं धरण १९६४ साली पूर्ण झालं आणि एक लाख एकरांच्या वर जमीन पाण्याखाली गेली. नॉर्थ कॅनेडियन आणि डीप फोर्क या नद्या लाल माती घेऊन त्यात उतरतात. धरणाकडचं पाणी त्या मानाने निवळ असतं, पण नद्यांच्या बाजूच्या फाट्यांत आमिष वीतभर खाली गेलं की दिसत नाही. मी टल्साहून दीड तास गाडी चालवून याच बाजूला जातो. बोट नाही, काठावरूनच गरवतो.

मी रत्नागिरीकडचा. खाडीत कोळंबी लावून गरी टाकली की मासा वासावर येतो, आपण दोर बोटावर घेऊन बसायचं, हीच माझी शिकवण. इथे गढूळ पाण्यात बासला बोलवायचं तर पाणी हलवावं लागतं. त्याच्या कुशीवरून कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जी रेघ जाते, तिने त्याला पाण्यातली थरथर कळते. चॅटरबेटच्या तोंडाशी एक सहाकोनी पत्ती असते. रीळ फिरवायला लागलं की ती डावी-उजवीकडे आपटत राहते आणि ती धडधड दोरातून, रॉडच्या मुठीतून थेट तळहातात येते. साउथ कॅरोलायनातल्या डेव्हिस पितापुत्रांनी हे काढलं. २००६ साली फ्लोरिडातल्या ओकीचोबी तलावावरच्या स्पर्धेत ते गाजलं आणि आता कुठल्याही कंपनीचं असलं आमिष लोक चॅटरबेटच म्हणतात. माझं दुसऱ्याच एका कंपनीचं, सात डॉलरचं आहे.

डिसेंबर-जानेवारीत मला त्यावर फक्त दोन मासे मिळाले. पाणी ४८ फॅरनहाइटच्या (९ सेल्सियसच्या) खाली असताना मासा सुस्त असतो आणि ही पत्ती मात्र ठरावीक वेगाखाली हलतच नाही. तेव्हा गोल कोलोराडो पत्तीचा स्पिनरबेट, म्हणजे तारेवर गरगर फिरणाऱ्या पत्तीचं आमिष, बरा, तो अगदी रांगवत आणता येतो.

फेब्रुवारीच्या शेवटी चित्र बदललं. तीन दिवस कडक ऊन आणि दक्षिणेचा वारा. गढूळ पाण्यातले मातीचे कण उष्णता धरतात, त्यामुळे वरचा थर निवळ पाण्यापेक्षा लवकर तापतो. उत्तरेकडचा काठ थंड वाऱ्यापासून आडोशाला असतो आणि त्याला दिवसभर ऊन मिळतं, त्यातही दगडी भराव आधी गरम होतो. दुपारी दोनच्या सुमाराला हायवे ६९ च्या भरावापाशी पाणी ५५ (१३ सेल्सियस) होतं. सकाळी त्याच जागी ४९ होतं. तेव्हापासून पहाटे उठून जाणं मी सोडलं. या दिवसांत दुपारच खरी.

समोर तलावात लांब फेकायचं नाही. काठाला समांतर, दगडांपासून हातभर अंतरावर, गुडघाभर पाण्यात. एकाच जागेवरून पाच-सहा वेळा, कारण गढुळात मासा आमिषामागे लांब येत नाही, ते त्याच्या तोंडासमोरून जावं लागतं. माझा सर्वांत मोठा मासा सातव्या फेकीला लागला. पत्ती दोनदा दगडाला ठोकली, मग हातातली धडधड एकदम थांबली. झटका नाही, ओढ नाही, नुसती थांबली. ही खूण मला कळायला चार फेऱ्या गेल्या. थरथर थांबली की रॉड जोरात मागे घ्यायचा. वर आली ती २.४ किलोची मादी, गढूळ पाण्यातल्या माशासारखी फिकट, पोट अंड्यांनी भरलेलं. खालचा जबडा अंगठ्यात धरला तर किसणीसारखा खरखरीत.

आमच्याकडे मृगाच्या पावसात चढणीचे मासे शेतात येतात, तेही असेच पोट भरलेले. इथे चढण उन्हाची आहे, पाणी तापेल तसा मासा खोलातून काठाकडे येतो. ती मादी मी ओल्या हातानेच धरली आणि मिनिटभरात सोडली. मला ते करताना फार बरं वाटलं.

गढूळ पाणी सगळं सारखं नसतं, हे मात्र महागात शिकलो. महिनाभर तसंच असलेल्या लाल पाण्याला मासा सरावलेला असतो. पण मार्चच्या मध्यात थंड पावसाचा लोंढा आला, पाणी एका रात्रीत ७ फॅरनहाइटने उतरलं आणि त्यात काटक्या-फेस तरंगू लागला. त्यानंतरच्या तीनही फेऱ्यांत एक मासा नाही. असा ताजा लोंढा दिसला तर सरळ दुसरा फाटा धरावा.

आता तक्रारी. दोर अडकवायची क्लिप दुसऱ्याच महिन्यात वाकली, पक्कडीने दाबून घेतली. सिलिकॉनची झालर सारखी घसरून आकड्यावर यायची, शेवटी बारीक तारेने आवळली. रंग दगडांना लागून जवळपास सगळा गेला, पण त्याने मासे लागण्यात काही फरक पडला नाही. आकडा मात्र दर फेरीनंतर कानशीने घासावाच लागतो. बुडालेल्या झुडपांत हे वाईट अडकतं, तिथे स्पिनरबेट कधीही चांगला. सोबत सात फुटी मीडियम-हेवी रॉड आणि १७ पौंडी फ्लुरोकार्बन दोर वापरला. या पाण्यात जाड दोर माशाला दिसत नाही, त्यामुळे त्यात कंजुषी नको. मागे काळा मऊ प्लॅस्टिकचा खेकडा लावला की पत्तीचा वेग थोडा मंदावतो, तो मला थंडीत फायद्याचा वाटला.

पाच महिन्यांनी मी हे पुन्हा घेईन का? घेतलंही आहे, त्याच रंगात, पण ३/८ औंसाचं, कारण गुडघाभर पाण्यात अर्ध्या औंसाचं तळाला जास्त घासतं. सध्या पाणी ६५ च्या वर गेलंय, नर घरट्यांवर राखण करत बसलेत. त्यांना मी गरवत नाही. जुनं आमिष धुऊन वाळवलं, नवी झालर बांधली आणि डब्यात ठेवलं.